एक ‘मान्य’, दहा क्रियापदे



एखादा लहानसा इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडा आणि ‘ॲग्री’ हा शब्द काढा. अर्थ सापडेल, मान्य करणे. मग ‘ॲक्सीड’ काढा. मान्य करणे. ‘कन्सीड’? मान्य करणे. ‘असेंट’, ‘कन्सेंट’, ‘ॲक्विएस’ यांच्यापुढेही थोड्याफार फरकाने तेच. बिचारा विद्यार्थी म्हणतो, एकाच अर्थाचे इतके शब्द इंग्रजांनी कशाला करून ठेवले? मग तो हाती लागेल तो शब्द वापरतो. मुख्याध्यापकांना लिहितो, ‘सर, मी आपला हुकूम कन्सीड करतो.’ त्याला म्हणायचे असते, ‘आपली आज्ञा शिरसावंद्य.’ पण वाक्याचा सूर असा उमटतो की जणू सरांशी त्याचा वाद चालला होता, आणि आता नाइलाजाने तो एक मुद्दा सोडतो आहे!

चूक लहान दिसते. पण आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाचे आणि उच्च न्यायालयांचे कामकाज मुख्यतः इंग्रजीत चालते. बँकेच्या, विम्याच्या, इस्पितळाच्या कागदांवर हीच क्रियापदे बसलेली असतात. मोबाइलवरसुद्धा ‘आय ॲग्री’ या चौकोनावर आपण दिवसातून कितीदा बोट ठेवतो! आपण नेमके काय केले, कबूल झालो, संमती दिली की शरण गेलो, हे कळायला नको का? म्हणून आज या दहा क्रियापदांची ओळख करून घेऊ.

पाठांतर करू नका. त्याऐवजी प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारा. पहिला: समोरच्याने काय केले? विनंती केली, वाद घातला, की हुकूम सोडला? दुसरा: होकार देणाऱ्याने आपल्या हातचे काही सोडले का? आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा: होकार देणारा मोकळा होता का? त्याला ‘नाही’ म्हणता येत होते का?

उदाहरणासाठी आपण एक घर घेऊ. दोन भाऊ आणि एक बहीण. वडिलांच्या मागे रस्त्याकडचे शेत थोरल्याच्या वहिवाटीत आले आणि पाठीमागचे धाकट्याच्या. धाकट्याची बैलगाडी थोरल्याच्या शेतातून गेल्यावाचून इलाज नाही. अशा वाटेवरून किती घरांत बोलणे बंद झाले आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको.

ॲग्री. हा कुटुंबातला सर्वांत मोकळा शब्द. दोघे भाऊ ओट्यावर बसले आणि वाट बांधाच्या कडेने न्यायचे ठरले. दोघांनाही ते पटले. इथे ‘ॲग्री’. या शब्दात कोणी वरचा नाही, कोणी खालचा नाही. फक्त त्याच्या मागून येणारी शब्दयोगी अव्यये सांभाळा. माणसाशी आपण ‘ॲग्री विथ’ होतो: दादा, तुमचे म्हणणे मला पटते. सूचनेला ‘ॲग्री टु’ होतो: तुम्ही सुचवलेले मला मंजूर. आणि दोघे मिळून एखाद्या मुद्द्यावर ‘ॲग्री ऑन’ होतात: वाट आठ फुटी ठेवायची. गंमत अशी की आपण म्हणतो, ‘वांगे मला मानवत नाही’, तिथेही इंग्रज ‘ॲग्री विथ’ हेच क्रियापद वापरतो. आपले ‘मान्य’ आणि ‘मानवणे’ जसे जवळ जवळ राहतात, तसेच त्यांचेही आहे.

ॲक्सीड. आता असे धरा की थोरला आधी ‘नाही’ म्हणाला. धाकट्याने विनवले, ‘दादा, पेरणीपुरती तरी गाडी जाऊ द्या.’ थोरल्याने विचार केला आणि विनंती मान्य केली. हे ‘ॲक्सीड टु’. आधी मागणी हवी, मग होकार. नुसते मत जुळले तर हा शब्द चालत नाही.

याचे मूळ लॅटिन भाषेतल्या ‘सेदेरे’ या धातूत आहे. त्याचा अर्थ जाणे, वाट देणे. ‘ॲक्सीड’ म्हणजे एखाद्याकडे चालत जाणे, त्याला येऊन मिळणे. म्हणून राजा गादीवर येतो त्यालाही ‘ॲक्सेशन’ म्हणतात. आणि शिक्षक मित्रांनो, शाळेच्या ग्रंथालयात नवे पुस्तक दाखल झाले की त्यावर जो दाखल क्रमांक घालता, तोही ‘ॲक्सेशन नंबर’च. पुस्तक येऊन संग्रहात मिळाले, एवढाच अर्थ.

याच शब्दाने १९४७ साली आपल्या देशाचा नकाशा घडवला. संस्थानिकांनी ज्या सामीलनाम्यावर सह्या केल्या, त्याचे इंग्रजी नाव ‘इन्स्ट्रुमेंट ऑफ ॲक्सेशन’. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे विषय त्यांनी भारत सरकारकडे दिले. हैदराबादच्या निजामाने मात्र सामीलनाम्यावर सही केली नाही. मग सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, १७ तारखेला निजामाने लढाई थांबवली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या सैन्याने शरणागती पत्करली. मराठवाड्यातल्या श्रोत्यांना हा इतिहास ठाऊक आहेच. इतर बहुतेक संस्थाने सही करून ‘ॲक्सीड’ झाली. निजामाच्या सैन्याला ‘सरेंडर’ व्हावे लागले. दोन्ही वाटा शेवटी भारतातच आल्या, पण शब्द एक नव्हे.

कन्सीड. धातू तोच, पण इथे माणूस पुढे चालत जात नाही, मागे सरतो. वाद चालू आहे. थोरला म्हणतो, ‘इथे वाट कधी नव्हतीच.’ इतक्यात जुना गावनकाशा निघतो आणि त्यात गाडीवाट ठळक दिसते. थोरला म्हणतो, ‘बरं बाबा, वाट होती हे खरं.’ हे ‘कन्सीड’. मनातून मानायचे नव्हते, पण पुराव्यापुढे मुद्दा सोडला. या अर्थाने याच्या मागे ‘टु’ येत नाही, हेही ध्यानात असू द्या. आपण मुद्दा ‘कन्सीड’ करतो, विनंतीला ‘ॲक्सीड टु’ होतो.

क्रिकेटचे धावते वर्णन ऐकणाऱ्या मुलांना हा शब्द चटकन समजतो. गोलंदाजाने चाळीस धावा ‘कन्सीड’ केल्या, म्हणजे त्याला द्यायच्या नव्हत्या, द्याव्या लागल्या. निवडणुकीतला उमेदवार हार कबूल करतो, तेव्हाही हेच क्रियापद.

याचा एक सख्खा भाऊ आहे, नुसता ‘सीड’. तो प्रदेशासाठी राखलेला. अमरावती जिल्ह्यातल्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांना नगरचा किल्ला, भडोच आणि गंगा-यमुनेचा दोआब इंग्रजांना द्यावा लागला. हा मुलूख त्यांनी ‘सीड’ केला. शेताची पट्टी आपण विकतो, देतो, सोडतो. ‘सीड’ राज्ये करतात.

या घराण्याच्या स्पेलिंगने मुले फार गोंधळतात. कान सगळीकडे ‘सीड’ असेच ऐकतो, पण लिहिणे तीन तऱ्हांचे आहे. ‘एक्सीड’, ‘प्रोसीड’ आणि ‘सक्सीड’ या तिघांच्या शेवटी सी-ई-ई-डी. ‘सुपरसीड’ हा एकटाच एस-ई-डी-ई, कारण तो ‘जाणे’ या धातूचा नसून ‘बसणे’ या अर्थाच्या निराळ्या धातूचा आहे. घरात राहायला आलेला परका म्हणा ना. बाकी ॲक्सीड, कन्सीड, प्रिसीड, रिसीड, सिसीड, इंटरसीड या सगळ्यांच्या शेवटी सी-ई-डी-ई. तीन, एक आणि बाकी सारे, एवढे फळ्यावर लिहून ठेवले की पुरे. ‘ॲक्सीड’ आणि ‘एक्सीड’ यांचा उच्चार आपल्या तोंडी जवळजवळ सारखा होतो, तिथे मात्र जपा. ‘एक्सीड’ म्हणजे मर्यादा ओलांडणे. मालकाने मागणीला ‘ॲक्सीड’ होणे आणि मागणीला ‘एक्सीड’ करणे, म्हणजे मागितल्यापेक्षा जास्त देणे, यात पगाराचा फरक आहे!

असेंट आणि कन्सेंट. ही जोडगोळी ‘वाटणे, जाणवणे’ या अर्थाच्या धातूपासून आली. ‘असेंट’ म्हणजे समोर ठेवलेल्या गोष्टीला मान डोलावणे, अनुमती. संसदेने विधेयक मंजूर केले की ते राष्ट्रपतींकडे जाते आणि राज्यघटनेच्या १११व्या अनुच्छेदानुसार त्यांची अनुमती मिळाली म्हणजे कायदा होतो. राज्याच्या विधेयकाला २००व्या अनुच्छेदाने राज्यपालांची अनुमती लागते. हा ‘असेंट’.

‘कन्सेंट’ निराळा. जी गोष्ट माझ्या अंगाला, माझ्या मालमत्तेला, माझ्या हक्काला भिडते, तिला मी दिलेली परवानगी म्हणजे ‘कन्सेंट’, आपली संमती. शस्त्रक्रियेआधी इस्पितळात सही घेतात ती हीच. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या १३व्या कलमाने तिची व्याख्या मोठी सुरेख केली आहे. तिचा आशय असा की दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, तरच ती संमती. सही करणाऱ्याला वाटते कागद पीककर्जाचा आहे, आणि प्रत्यक्षात तो शेत गहाण टाकण्याचा आहे. तर सही असूनही दोघांनी एक गोष्ट मान्य केलेली नाही. पुढचे १४वे कलम म्हणते की संमती मोकळी हवी. जबरदस्ती, गैरवाजवी वजन, कपट, खोटी माहिती किंवा चूक यांतून आलेली संमती मोकळी नव्हे.

हा ‘मोकळी’ शब्द मनात धरून ठेवा. पुढचे सगळे शब्द त्याच्याच कसोटीवर घासायचे आहेत.

कम्प्लाय. ‘कम्प्लाय’ होतो तो हुकुमाला किंवा नियमाला. वाटेच्या तंट्यात तहसीलदारांनी निकाल दिला, थोरल्याने कुंपण काढले. तो निकालाला ‘कम्प्लाय विथ’ झाला. त्याला निकाल पटला की नाही, हे या शब्दात येतच नाही. मूळ अर्थ ‘भरून काढणे’. म्हणून सरकारी पत्रात आपण ‘पूर्तता’ लिहितो, तो शब्द याला अगदी चपखल बसला आहे. मनाने मानले नाही तरी पूर्तता करता येते.

यील्ड. हा तर आपल्या शेताचाच शब्द! कृषी अधिकारी विचारतात, ‘एकरी यील्ड किती?’ म्हणजे उतारा किती पडला. मग हाच शब्द ‘नमते घेणे’ या अर्थाने कसा आला? जुन्या इंग्रजीत याचा अर्थ होता देणे फेडणे, चुकते करणे. जर्मन भाषेत पैशाला ‘गेल्ट’ म्हणतात, तोही याच घराण्यातला. जमीन शेतकऱ्याचे देणे चुकते करते, तो उतारा; आणि माणूस दाबापुढे जे देऊन टाकतो, तीही ‘यील्ड’च. धाकट्याने रोज येऊन भुणभुण केली, भावकीने बोल लावले, आणि शेवटी थोरला म्हणाला, ‘जा बाबा, ने तुझी गाडी.’ त्याने ‘यील्ड’ केले. बोलीत यालाच ‘गिव्ह इन’ म्हणतात. दाब आहे, पण माणूस मोडलेला नाही. वारा आला की जोंधळ्याचे ताट वाकते, तसे. ‘गिव्ह अप’ मात्र वेगळे, ते प्रयत्नच सोडून देणे.

ॲक्विएस. या शब्दाच्या पोटात ‘क्वाएट’ आहे, म्हणजे शांतता. पटलेले नाही, पण भांडायचीही इच्छा नाही, गप्प राहायचे. थोरला ओट्यावर बसून आहे, गाडी शेतातून जाते, तो बघतो आणि काही बोलत नाही. वर्षानुवर्षे बोलत नाही. आपण म्हणतो, मौन म्हणजे संमती. कायदा इतक्या झटकन तसे म्हणत नाही. पण हक्क माहीत असून, समोर सगळे घडताना दिसत असून जो फार काळ गप्प बसतो, त्याचे गप्प बसणे पुढे न्यायालयात त्याच्याच विरुद्ध मांडले जाऊ शकते. म्हणून मंडळी, जे पटत नाही त्याबद्दल वेळेवर बोलावे, आणि लिहून बोलावे.

सबमिट आणि सरेंडर. ‘सबमिट’ आज पोराटोरांच्या तोंडी आहे. जर्नल सबमिट केले, फॉर्म सबमिट केला. तिथे त्याचा अर्थ सादर करणे, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण शब्दाची फोड केली तर ‘खाली ठेवणे’ असा अर्थ निघतो. माणूस जेव्हा स्वतःलाच दुसऱ्याच्या सत्तेखाली ठेवतो, मुकाट्याने सोसतो, तेव्हा तो ‘सबमिट’ होतो. ‘सरेंडर’मध्ये हातातले काही हवाली करणे आहे. विम्याची पॉलिसी मुदतीआधी परत करतात तेही ‘सरेंडर’, आणि शस्त्रे खाली ठेवतात तेही. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात जनरल नियाझींनी जनरल जगजितसिंग अरोरा यांच्यापुढे ज्या कागदावर सही केली, त्याच्या मथळ्यातच हा शब्द आहे. त्याच्या दहा वर्षे आधी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोव्यात पोर्तुगीज गव्हर्नर जनरलनेही तेच केले होते.

आता आपल्या घरातल्या तिसऱ्या माणसाकडे वळू. बहिणीला आपण इतका वेळ विसरलो होतो; पुष्कळ घरांत तसेच होते. वडिलांच्या जमिनीत तिचाही भावांइतकाच हक्क आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने ९ सप्टेंबर २००५पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला. एके दिवशी भाऊ तिला तालुक्याच्या गावी घेऊन जातात. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्र तयार असते. दादा म्हणतो, ‘ताई, इथं सही कर.’ ती सही करते.

काय केले तिने? कागद वाचून, समजून, राजीखुशीने भावांसाठी हक्क सोडला असेल तर तो ‘कन्सेंट’, आणि तिच्या मायेला आपण नमस्कार करू. पण माहेर तुटेल, भाऊबीज बंद होईल या धास्तीने केली असेल तर? कागद कसला हेच सांगितले नसेल तर? मग ती संमती नव्हे. ते ‘सबमिट’ होणे आहे. कागदावर दोन्ही सह्या सारख्याच दिसतात. फरक फक्त तिसऱ्या प्रश्नाने कळतो: तिला ‘नाही’ म्हणता येत होते का?

हा शब्दच्छल आहे असे कोणी म्हणू नये. या दोन क्रियापदांमधल्या अंतरावर आपल्याच राज्यातला एक खटला उभा होता. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली. खालच्या न्यायालयाने आरोपींना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरले. धाकापुढे असहायपणे गप्प राहणे ही संमती नव्हे, असा त्या निकालाचा रोख होता. पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना पुन्हा निर्दोष ठरवले. अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, असे म्हटले गेले.

१९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. त्या पत्रात पुष्कळ मुद्दे होते, पण गाभा तोच, जो आपण आता पाहिला: ‘सबमिशन’ निराळे आणि ‘कन्सेंट’ निराळा. संमती देणारा माणूस ती गोष्ट होऊ देतो हे खरे. पण जो होऊ देतो त्याने संमती दिलीच, असे नाही. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातल्या स्त्रीच्या बाबतीत शरीरसंबंध शाबीत झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असे तिने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असे धरूनच चालायचे, असा नियम आला. पुढे २०१३ साली कायद्यानेच स्पष्ट केले की संमती म्हणजे शब्दाने, खुणेने किंवा वागण्याने दिलेला निःसंदिग्ध, आपखुशीचा होकार. आणि केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे समजू नये. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद कायम आहे. दोन क्रियापदांतला फरक नीट सांगायला चार मास्तर उठले, आणि कायदा हलला.

शिक्षक मित्रांनो, म्हणून ही क्रियापदे शिकवताना अर्थांची यादी देऊ नका. वर्गात एक प्रसंग द्या. बाजार समितीत सौदा तुटला, मालकाने मजुरी वाढवली, पंचांनी निवाडा दिला, कोणी नाइलाजाने गप्प बसले. मग मुलांना ते तीन प्रश्न विचारू द्या आणि शब्द त्यांनाच निवडू द्या. मतभेद होतील, होऊ द्यावेत. त्या वादातूनच शब्द पक्के होतात. आणि मराठी शब्दही बरोबर काढून घ्या. पटणे, रुकार देणे, कबूल करणे, अनुमती देणे, संमती देणे, पूर्तता करणे, नमते घेणे, मुकाट राहणे, शरण जाणे, हवाली करणे. पाहा, आपल्याजवळही दहा आहेतच! आपणच आळसाने सगळ्यांवर ‘मान्य’चा एकच शिक्का मारत होतो.

आणि जे श्रोते शाळा सोडून पुष्कळ वर्षे झाली म्हणतात, त्यांना एवढेच सांगणे. उद्या कोणी कागद पुढे करून ‘इथे सही करा’ म्हणाले, तर आधी विचारा, या कागदाने मी काय मान्य करतो आहे? वाचून दाखवा म्हणा. समजेपर्यंत थांबा. आणि घरात बहिणीपुढे, सुनेपुढे, म्हाताऱ्या आईपुढे कागद ठेवायची वेळ तुमच्यावर आली, तर तिला ‘नाही’ म्हणायला जागा ठेवा. त्या जागेतूनच आलेला होकार खरा.